चैत्रामभाऊंची हजेरी

मेहरूण, जळगाव
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय ललिता,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता ठेवून देशील, अशी भीती आहे. तरी पोस्टानेच पाठवते आहे. माझा नंबर तू बंद करून ठेवलास, आणि दुसऱ्या कोणाच्या फोनवरून लावायचा धीर मला झाला नाही. रावेरचा पत्ता योगराजने दिला. केळीच्या पॅकिंग हाउसमध्ये तू माल तपासायच्या कामावर आहेस, तिथे सगळे तुला मान देतात, असं तो म्हणाला. ऐकून बरं वाटलं.

आमच्याकडे ठीक. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीआधी झालं, आता काठी घेऊन तलावापर्यंत जाऊन येते. भरताची वांगी बाजारात आली आहेत. परवा वांगी भाजताना ती म्हणाली, "तुझी ती शिरपूरकडची पोरगी येत नाही का गं आता? तिला कळण्याची भाकरी आवडायची." मी म्हटलं, तिला दुसरीकडे नोकरी लागली. दोन वर्षं मी आईला हेच सांगते आहे.

कंपनीचं म्हणशील तर काम वाढलंय. शाश्वत कापूस कार्यक्रमात आता चोवीसशे शेतकरी आहेत. गेल्या वर्षीच्या अहवालाला मुंबईत बक्षीस मिळालं. मुखपृष्ठावर सातपुड्याचा फोटो आहे, तूच काढलेला. खाली तुझं नाव टाकलेलं नाही.

हे सगळं मी उगाच लिहिते आहे. लिहायचं दुसरंच आहे.

गेल्या मंगळवारी ऑडिट झालं. परदेशातला जो ब्रँड आपलं सूत घेतो, त्यांनी पाठवलेल्या बाई होत्या. कोइम्बतूरच्या, हिंदी बोलणाऱ्या. आधीचे ऑडिटर कसे यायचे तुला माहीत आहे. रस्त्यालगतची दोन गावं, शाळेत बसवलेले दहा शेतकरी, जेवण आणि परत. या बाईंनी शिरपूरच्या ऑफिसात बसून यादी मागितली, डोळे न उचलता तीन ठिकाणी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, इथे जायचं. तिसरं नाव चैत्राम पावरा, खैरपाणी.

योगराज म्हणाला, रस्ता खराब आहे, गाडी जात नाही. त्या म्हणाल्या, चालू. मी म्हटलं, ते बहुतेक मजुरीला गुजरातकडे गेले असतील. ललिता, हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघालं. मला माहीत होतं ते कुठे आहेत. त्या म्हणाल्या, घर तर असेल ना.

शेवटचे दोन किलोमीटर आम्ही पायी गेलो. योगराज पुढे होता आणि वाट चुकत होता. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की हा इथे कधी आलेलाच नाही. तुझ्या जागेवर तो आला त्याला दोन वर्षं होत आली. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, बंद पडलेल्या खाजगी शाळेतला मास्तर, दोन मुली. त्याला मी यादी दिली आणि सांगितलं, दर हंगामाला प्रत्येकाची नोंदवही पूर्ण दिसली पाहिजे. त्याने लांबच्या पाड्यांच्या वह्या घरी बसून भरल्या. यादीतला एक माणूस जिवंत नाही, हे त्याला सांगायला पाहिजे होतं ते मी. मी सांगितलं नाही.

चैत्रामभाऊंच्या घरच्या, कस्तुराबाई, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही, कारण मी त्यांच्या घरी याआधी कधीच गेले नव्हते. त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं. ऑडिटर बाईंनी नोंदवही उघडली आणि विचारलं, चैत्राम कुठे आहेत? कस्तुराबाईंनी आतल्या भिंतीकडे बोट केलं. फोटोला प्लास्टिकच्या फुलांचा हार होता.

बाईंना वाटलं, फोटो कोणाचा तरी आहे, वडिलांचा वगैरे. त्यांनी पुन्हा विचारलं. मग योगराजने पुढे जाऊन फोटोखालची तारीख वाचली. तारीख १९ ऑगस्ट २०२३.

बाईंनी वही माझ्या हातात दिली. म्हणाल्या, मला मराठी वाचता येत नाही. यात काय लिहिलंय ते यांना वाचून दाखवा, आणि मलाही हिंदीत सांगा.

मी वाचलं. दुसरा मार्ग नव्हता. "२६ जून २०२४, बीजप्रक्रिया प्रशिक्षण, हजर. ५ ऑगस्ट २०२४, निंबोळी अर्काची फवारणी, मास्क आणि हातमोजे वापरले. १८ जुलै २०२५, सुरक्षित फवारणी प्रशिक्षण, हजर. अभिप्राय: प्रशिक्षणाचा खूप फायदा झाला." एकेक ओळ वाचत होते आणि माझ्याच आवाजाचं मला नवल वाटत होतं. ऑफिसात वाचते तसाच आवाज होता.

कस्तुराबाईंनी शेंगा सोलणं थांबवलं. त्या घरात पावरी बोलतात, पण आपल्याशी अहिराणीत बोलतात, तुला माहीतच आहे. त्या रागावल्या नाहीत. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तो तुमनाकडे येस का?"

आधी मला प्रश्नच कळला नाही. मग कळला. त्यांचा माणूस आमच्याकडे प्रशिक्षणाला येतो का, असं त्या विचारत होत्या. ललिता, त्या टोमणा मारत नव्हत्या. छापील वहीत तारीखवार लिहिलेलं होतं, वाचून दाखवणारी शिकलेली बाई होती, आणि क्षणभर त्यांना खरंच वाटलं असावं की तो कुठेतरी येत असेल, आणि आपल्यालाच ठाऊक नसेल. मी मानेनेच नाही म्हटलं.

मग बाईंनी मास्क-हातमोज्यांच्या किटवाटपाचं रजिस्टर काढलं. २०२३ चं. "१० जुलै २०२३, चैत्राम पावरा, फवारणी किट मिळाले." पुढे जांभळा अंगठा. कस्तुराबाईंनी रजिस्टर आपल्याकडे ओढून घेतलं. वाचता येत नाही, पण अंगठा तर दिसतो.

"मना माणूस सही करे," त्या म्हणाल्या. "ललिताबाईनी शिकाडेल व्हती. हाऊ अंगठा कोना शे?"

तू त्यांना सही शिकवली होतीस हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी सहीच केली असती.

हो. तो अंगठा माझा आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये रजिस्टर तपासायला पाठवायचं होतं. बाकी सगळ्यांनी सप्टेंबरात सह्या केल्या होत्या, तारखेचा रकाना आम्ही रिकामा ठेवून घेतला होता. कागदावर वाटप फवारणीआधी झालेलं दिसावं म्हणून मी त्यात १० जुलै घातली. तुला साक्षीदार म्हणून सही करायला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "जुलैत वाटलेच नाहीत, तर मी जुलैची सही कशी करू?" आणि पेन टेबलावर ठेवून गेलीस. त्यानंतर मी तुझ्या फाइलीत लिहिलं, नोंदी वेळेवर पूर्ण करत नाही. तुझा करार वाढवला नाही, त्याचं कारण तेवढंच होतं. पत्रावर वरिष्ठ म्हणून प्रेमराज सरांची सही होती, मजकूर माझा होता.

चैत्रामच्या नावापुढची जागा रिकामी राहिली. नाव काढलं असतं तर तेव्हाच्या यादीतल्या चारशेचे तीनशे नव्व्याण्णव झाले असते आणि कोणीतरी विचारलं असतं, एक कुठे गेला. दुपारची वेळ होती, सगळे जेवायला गेले होते. मी शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि रजिस्टरवर ठेवला. मग बेसिनवर साबणाने हात धुतले आणि डबा खाल्ला. त्या दिवशी डब्यात काय होतं तेसुद्धा आठवतं.

पाड्यावर मी हे बोलले नाही. ऑडिटर बाईंनी विचारलं, हा अंगठा कोणी घेतला? मी म्हटलं, बघावं लागेल. योगराज माझ्याकडे बघत होता. परतताना गाडीत त्याने एवढंच विचारलं, "मॅडम, तुम्हाला माहीत होतं का?" मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी प्रेमराज सरांनी जळगावला बोलावलं. ते चिडले नव्हते. म्हणाले, "योगराजने घरी बसून वह्या भरल्या, हे खरं आहे ना? मग तेवढंच लिहा. खोटं लिहा असं मी म्हणतच नाही." मी विचारलं, आणि २०२३ चं? ते म्हणाले, "तेव्हाची मुलगी सोडून गेली. तिच्या काळातलं तिला माहीत."

ती मुलगी म्हणजे तू.

आता ते लिहिते, ज्यासाठी एवढा कागद वाया घालवला.

त्या ऑगस्टात तू मला दवाखान्याच्या व्हरांड्यातून फोन केलास. "ताई, चैत्रामभाऊ गेले. तीन दिवस ओकत होते. तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारत होते." मी काही बोलेपर्यंत तू विचारलंस, "किट कुठे आहेत? तुम्ही जूनमध्ये म्हणाला होतात येणार म्हणून." मी तुला सांगितलं, पुरवठादाराकडून आलेच नाहीत. आणि म्हटलं, तू मेल कर, आपण बघू.

किट आले होते. तीन जुलैलाच जळगावच्या गोदामात उतरले होते. चारशे खोकी, मी स्वतः मोजून घेतली. दहा जुलैला वाटप ठरलं होतं. मग बातमी आली की सप्टेंबरात ब्रँडचे लोक येणार आहेत. पाहुण्यांच्या हस्ते वाटप करावं, शेतकरी एप्रन घालून उभे राहतील, अहवालाला चांगले फोटो मिळतील, असं ठरलं. सगळ्यांना वाटतं ते सरांनी ठरवलं. तूही तसंच समजत असशील. मीही दोन वर्षं स्वतःला तेच सांगत आले.

सरांनी विचारलं होतं, "तोपर्यंत फवारणीचे दिवस जाणार नाहीत का?" मी म्हटलं, "लोक दरवर्षी तसंच फवारतात सर, एका वर्षाने काय होतं." वाट बघायची कल्पना माझी होती. वाक्यही माझंच.

मंगळवारपासून मी डबा न उघडताच परत आणते. आईला वाटतंय मला पित्त झालंय.

उद्या सकाळी मी ऑडिटर बाईंना सगळं लिहून पाठवणार आहे. त्याआधी तुला कळायला हवं होतं, म्हणून हे. क्षमा मागण्यासाठी लिहिलेलं नाही. तशी सोय मी तुझ्याकडे मागू शकत नाही.

दिपमाला

०

शिरपूर
११ जानेवारी २०२६

ललिता,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरलं नव्हतं. हे पत्रही मी माझ्यासाठी लिहीत नाही, शेवटपर्यंत वाच.

२४ नोव्हेंबरला मी पाठवायचं ते पाठवलं. अंगठा, तारखा, गोदामाची पावती, तुझ्या फाइलीतला शेरा आणि तो खोटा असल्याचं, सगळं. तिसऱ्या दिवशी मला निलंबित केलं. कंपनीने ब्रँडला कळवलं की हा एका कर्मचाऱ्याचा वैयक्तिक गैरप्रकार आहे. वाचून मला राग आला आणि मग आला तसा गेला, कारण त्यातलं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं, म्हणजे वाटप लांबवायला सरांनी होकार दिला ते, मीच लिहून दिलंय, त्याला त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही. योगराजची नोकरी तूर्त आहे. त्याने स्वतःहून लिहून दिलं की लांबच्या पाड्यांच्या वह्या त्याने न जाता भरल्या.

मी खैरपाणीला पुन्हा गेले. एकटी. कस्तुराबाईंना सांगितलं की अंगठा माझा, आणि किट गोदामात पडून होते. त्या मका निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "कितला दिन?"

मी म्हटलं, चैत्रामभाऊ गेले त्या दिवसापर्यंत सत्तेचाळीस दिवस.

त्यांनी सूप खाली ठेवलं, उठल्या आणि घरात गेल्या. दार लावलं नाही, पण बाहेर आल्या नाहीत. मी अंगणात बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्यांची जाऊ येऊन म्हणाली, "तू जाय आते." मी निघाले. पाड्याच्या टोकाला ईश्वर आबा भेटले. त्यांनी मला थांबवून सांगितलं, खरं बोललीस ते बरं झालं, पण कंपनीने आता या भागातला कापूस घेणं थांबवलंय. आमच्या घरात तो छतापर्यंत लागलाय, पोरं त्यावरच झोपतात. मी खरं बोलले त्याची झळही त्यांनाच लागली. शिरपूरच्या एका जिनिंगवाल्याशी योगराज बोलतोय, पुढच्या आठवड्यात तो गाडी पाठवेल असं म्हणतो. गाडी आली तर खरं.

ऑडिटर बाईंनी मग चोवीसशेच्या चोवीसशे नावांची तपासणी लावली. घरोघर जाऊन. निकाल नाताळात आला. यादीतली नऊ माणसं मेलेली निघाली. नऊ जण, ललिता, आणि नऊही जण आमच्या वह्यांत प्रशिक्षणाला हजर होते. सात जण म्हातारपणाने, आजाराने गेलेले. आठवे चैत्रामभाऊ.

नववी भिकुबाई. चोपड्याकडच्या एका पाड्यावरची. सप्टेंबर २०२४ मध्ये गेली. ती फवारत नव्हती, नवऱ्याच्या पंपात पाणी आणून ओतायची, हाताने औषध ढवळायची. महिला शेतकरी म्हणून यादीत तिचंही नाव होतं, पण किट घरटी एकच, ते नवऱ्याच्या नावावर. तिला हातमोजे द्यायला हवेत हे आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं. तक्ते मी बनवले होते. अहवालात मात्र 'महिला शेतकऱ्यांचा सहभाग' या पानावर तिचा फोटो आहे. हसते आहे. कोणी काढला, कधी काढला, कोणाला आठवत नाही.

चैत्रामभाऊ गेले तेव्हा तू निदान फोन केला होतास. भिकुबाईसाठी कोणाचाच फोन आला नाही. कारण तोपर्यंत फोन करणारं माणूस मी घालवून बसले होते. हे मला निकालाचा कागद हातात असताना उमगलं. मी बसस्टँडवर उभी होते. धुळ्याची बस आली, थांबली, निघून गेली. मी चढले नाही. कंडक्टरने दोनदा विचारलं होतं म्हणे, मला ऐकू आलं नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते.

दोन्ही मृत्यूंची चौकशी लागली आहे. मंगळवारी, २० जानेवारीला, सकाळी अकरा वाजता, धुळ्याला कृषी विभागाच्या कार्यालयात. माझा जबाब लेखी झाला आहे, तोंडीही द्यायचा आहे. तुझ्याबद्दलचं आधीच नोंदवून झालं आहे: तू नकार दिला होतास, आणि तुझ्या फाइलीतला शेरा खोटा होता. त्यासाठी तू येण्याची गरज नाही. तू असलीस काय, नसलीस काय, मी तेच सांगेन.

कस्तुराबाईंचाही जबाब आहे. त्या नाही म्हणत होत्या. माझ्याशी तर बोलतच नाहीत, आणि ते बरोबरच आहे. योगराज दोनदा जाऊन आला. दुसऱ्यांदा त्याला त्या म्हणाल्या, लिहिणाऱ्या माणसांचा आता मला भरवसा नाही. मी सांगेन एक, कागदावर उतरेल दुसरं, आणि खाली कोणाचा तरी अंगठा लागेल. योगराजने विचारलं, मग कोणी लिहावं? तर म्हणाल्या, "ललिताबाई लिखी तं सांगसू."

योगराजने चौकशी अधिकाऱ्यांना विचारलं. जबाब लिहून घ्यायला त्यांचं माणूस लागतं, पण बाईंच्या विश्वासातली कोणी शेजारी बसून पावरीचं मराठी करून देणार असेल, आणि लिहिलेलं त्यांना परत वाचून दाखवणार असेल, तर हरकत नाही, असं ते म्हणाले.

रावेरहून धुळं जवळ नाही. तुला एक दिवसाची रजा काढावी लागेल, आणि केळीचा हंगाम चालू आहे हे मला कळतं. मी आत जबाब देऊन मागच्या दाराने निघून जाईन, तुला माझं तोंड बघावं लागणार नाही. येणार असशील तर योगराजला फोन कर. तो त्यांना पाड्यावरून घेऊन येईल. येणार नसशील तरी कर. कस्तुराबाई त्याला रोज विचारतात, ललिताबाईंचं काय झालं म्हणून.

मला काही कळवू नकोस. निरोप कस्तुराबाईंचा आहे. मी तो त्यांच्या शब्दांत, काही न बदलता, तुझ्यापर्यंत पोचवला.

दिपमाला